नाकीकडे जायची पिवळी गाडी

जाइपितीच्या सुनेला मुलगी झाली आणि तिला जाइपितीच्या वारलेल्या आईचं, आतुआत हे नाव ठेवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नाव दिलं की नातंही मागोमाग येतं. साठी ओलांडलेला जाइपिती तेव्हापासून त्या तान्ह्या पोरीला ‘आई’ म्हणू लागला. ती रडली की विचारायचा, “आई, आता काय चुकलं माझं?” आणि सून सालुमी पोरीला कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत झुलवत म्हणायची, “मामंजी, आई म्हणतेय, आधी ती गाडी नीट करा.”

गाडी म्हणजे बर्फावरची गाडी. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा पट्टा आणि मध्ये धूर ओकणारं इंजिन. कधीकाळी पिवळी होती. आता पिवळा रंग फक्त सीटखाली उरला होता. पुढची काच फुटली तिथे जाइपितीने प्लायवूडचा तुकडा ठोकला होता. मुलगा पाउलुसी म्हणायचा, “बाबा, ही कचऱ्याच्या ढिगावर टाका, तिला तिथे तिच्या मैत्रिणी भेटतील.” पण पाउलुसीची नवी गाडी पाउलुसीबरोबर शिकारीला गेली होती. वसंत आला की वस्तीतले धडधाकट पुरुष बर्फाच्या कडेला, मोकळ्या समुद्राजवळ जाऊन बसतात. वर्षाचं मांस त्याच दिवसांत मिळतं. मागे राहतात बाया, पोरं, म्हातारे आणि अशा गाड्या.

एका संध्याकाळी रेडिओवर पलीकडच्या तळावरून तातिगातचा आवाज आला. तातिगात म्हणजे जाइपितीची बायको मालाया हिच्या थोरल्या बहिणीचा, नाकीचा मुलगा.

“मावशी, ऐकू येतंय का?”

“येतंय, बोल.”

“आई माशाच्या रश्श्याशिवाय काही घेत नाही. उठून बसली तर बसली. म्हणते, धाकटीला बघायचंय. खिंडीतलं बर्फ जायच्या आत.”

मालायाने रेडिओचं बटण दाबून धरलं. मग म्हणाली, “अक्काला सांग, येतेय. माझा म्हातारा आणतोय मला.”

रेडिओ सगळ्यांच्याच घरात लागलेला असतो. तिसऱ्याच कुठल्या तळावरून कुणीतरी बोललं, “कशावर आणतोय? त्या पिवळीवर? मग नाकीलाच सांगा चालत यायला, ती आधी पोचेल!”

सगळ्या तळांवर हशा झाला. मालायाही हसली. पण रेडिओ बंद केला आणि लगेच नाकीसाठी चहाच्या पुड्या बांधायला घेतल्या. खाडीवरून काळ्या सुळक्यापर्यंत जायचं आणि तिथून एक बुटकी खिंड ओलांडायची, अशी नाकीच्या तळाची वाट होती. खिंडीतलं बर्फ एकदा वितळलं की उघडे धोंडे राहतात. मग खाडी मोकळी होऊन होड्या चालू होईपर्यंत पलीकडे जाता येत नाही. तितकी वाट नाकी बघेल की नाही, हे रेडिओवर कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी, ऊन कडक आणि हवा थंड असताना, दोघं निघाले. जाइपितीने दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला इंजिन धडधडलं. त्याने वळून मालायाकडे ऐटीत पाहिलं. ती मागे जोडलेल्या बिनचाकाच्या स्लेजवर कॅरिबू हरणाच्या कातड्यावर बसली होती, मांडीवर नाकीसाठी घेतलेल्या चहाच्या पुड्यांची पिशवी. काळा सुळका जवळ आला आणि गाडी दोनदा खोकली. मग तिसऱ्यांदा खोकायचीही तसदी न घेता गप्प झाली.

जाइपितीने प्लग बदलले. दोरी ओढली. पुन्हा ओढली. एका हिवाळ्यात वॉलरस ओढताना त्याचा उजवा खांदा उखळीतून निसटला होता, तेव्हापासून जोर लावला की हाडात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. शेवटी तो सीटवर आडवा बसला.

“चहा घे,” मालाया म्हणाली.

“चहाने चालते का गाडी?”

“म्हातारा चालतो.”

मांस घेऊन वस्तीकडे परतणाऱ्या दोघा शिकाऱ्यांनी त्यांना ओढत घरी आणलं. मांस उतरवून ते तसेच पुन्हा समुद्राकडे निघाले. त्यांना ‘मला पलीकडे सोडा’ म्हणावं, असं मालायाच्या मनात आलं असेल, पण ती बोलली नाही. शिकारीच्या दिवसांत कुणाचा दिवस मागू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीच गाडी पहिल्या ओढीला चालू झाली! जाइपितीने वस्तीभोवती चार फेऱ्या मारल्या. हूं की चूं नाही.

मालायाचा चुलतभाऊ आयपिलिक शेजारीच राहायचा. त्याच्या स्वतःच्या गाडीचा पट्टा फाटला होता, नवा विमानाने यायचा होता, तोवर दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल मत देणं एवढंच काम त्याला होतं. मेहुणा असल्यामुळे जाइपितीची टिंगल करायचा त्याचा हक्कही होता.

“कार्बोरेटर आहे, दाजी. डोळे मिटून सांगतो.”

“डोळे मिटूनच सांगतोस नेहमी.”

“मागे माझीला असंच झालं होतं.”

“तुझ्या गाडीत पेट्रोल नव्हतं तेव्हा.”

“म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नव्हतं. मी वेगळं काय म्हणतोय?”

जाइपिती शिकला होता ते मोठ्या भावाच्या हाताखाली, उघड्या बर्फावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग गाडीचं ऐकायचं, असं भाऊ सांगायचा. सगळं एकदम बदललं तर गाडी बरी होईल, पण तुला काही कळणार नाही. म्हणून त्याने आधी कार्बोरेटर उघडला. स्वच्छ होता. मग इंजिन बंद करायच्या बटणाची तार काढून ठेवली, कारण कधीकधी तारच घासून उघडी पडते आणि करंट मध्येच गळतो. मग वस्तीबाहेरच्या ढिगावर जाऊन, तिथे पडलेल्या तसल्याच एका गाडीची, ठिणगीला करंट देणारी कॉइल काढून आणली. पुन्हा जाऊन तिच्या जोडीचा कंडेन्सर आणला. प्रत्येक वेळी वस्तीत फेरी मारली. प्रत्येक वेळी गाडी गुणी बाळासारखी वागली. ताकास तूर लागू देईना.

रोज संध्याकाळी मालाया दारात उभी राहून खिंडीच्या बाजूला बघायची. डोंगरांच्या दक्षिण उतारावर काळे डाग दिसू लागले होते.

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा गाडी पुन्हा पहिल्या ओढीला चालू झाली. सुळक्याजवळ आले आणि पुन्हा खोकली. या वेळी जाइपितीने दोरीला हात लावला नाही. गाडी गरम आहे, रुसलेली आहे, तेव्हाच तिला विचारायला हवं. त्याने एक प्लग काढला, त्याची टोपी पुन्हा चढवली, प्लग इंजिनाच्या डोक्याला टेकवला. पण चहूकडे बर्फाचा लखलखाट, त्यात ठिणगी कशी दिसणार? त्याने अंगातला कोट डोक्यावरून पुढे ओढला आणि इंजिनावर तंबू केला.

“ओढ!” तो आतून ओरडला. प्लग निघाला की दोरी हलकी होते, मालायाला जमण्यासारखी.

“ओढतेय.”

“अजून एकदा!”

“ओढली की रे. दिसतंय काही?”

“काळोख दिसतोय.”

“मग डोकं बाहेर काढ.”

ठिणगी नव्हती. दुसऱ्या प्लगलाही नव्हती. म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नाही, करंटच येत नाही. आयपिलिक इथे असायला हवा होता, असं त्याला वाटलं. त्याने दोरीचं झाकण पाना लावून खोललं. त्यामागे जड लोखंडी चाक असतं आणि चाकाच्या पोटात पॉइंट. चाक फिरतं तसे ते उघडमीट करतात आणि त्या उघडमिटीतून ठिणगी उठते. चाकाला असलेल्या खिडकीतून त्याने आत बघितलं. पॉइंट ओले होते.

सदऱ्याच्या टोकाने त्याने ते पुसले. गाडी चालू झाली. पण त्याने तोंड वस्तीकडे वळवलं. खिंडीत, दगडांमध्ये बंद पडली असती तर तिथून ओढून न्यायलाही कुणी आलं नसतं. परतीच्या वाटेवर मालाया स्लेजवर उलटी बसली, पाठ घराकडे आणि तोंड खिंडीकडे करून. घर यायच्या आधी गाडी आणखी एकदा बंद पडली, पुन्हा पुसावी लागली.

पाणी कुठून येतंय? वरून पाऊस नाही. गाडीवर रोज ताडपत्री असते, बर्फ उडून आत जायला जागा नाही. जाइपितीने झाकण पुन्हा काढलं, चाकावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. त्याला वाटलं आपण चुकतोय. पुन्हा हुंगलं. सील या समुद्री प्राण्याच्या चरबीचा वास येत होता. बोटावर काळी, मऊ काजळी होती. पेट्रोलची काजळी कोरडी असते, अशी नाही.

तेवढ्यात आयपिलिक आला. शिकारीला जाता येत नव्हतं तरी बंदूक खांद्याला लावून हिंडायची त्याला सवय होती. तो तसाच घराच्या दारातून आत शिरला आणि आतून मालायाचा आवाज फुटला.

“बाहेर! आधी ती बाहेर ठेव!”

“ताई, दोन मिनिटं फक्त. चहा पितो अन् जातो.”

“दोन मिनिटांतच घाम फुटतो तिला. मग बाहेर नेलीस की आतल्या आत गोठेल आणि ऐन वेळी खट्ट करून गप्प बसेल. एवढा घोडा झालास, बापाने काही शिकवलं नाही?”

“बाप म्हणायचा, ताईच्या घरी चहा मिळतो.”

बंदूक बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जाइपितीने बंदुकीकडे बघितलं. मग आपल्या बोटाकडे. घाम. थंड लोखंडाला ऊब लागली की त्याला घाम फुटतो. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण या लोखंडाला ऊब देतंय कोण?

आयपिलिक चहा पिऊन बाहेर आला. “कळलं काय, दाजी?”

“कार्बोरेटर नाही, एवढं कळलं.”

“अजून वेळ आहे. शेवटी कार्बोरेटरच निघेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जाइपितीला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. या ऋतूत सूर्य कधी झोपतो हे कळत नाही, बाहेर लख्ख ऊन होतं. तो खिडकीशी गेला. मालाया गाडीजवळ गुडघे टेकून बसली होती. ताडपत्रीचं एक टोक वर केलेलं, त्यावर कॅरिबूची जुनी कातडी पांघरलेली. आणि इंजिनाच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर, तिच्या आईचा दगडी दिवा सीलच्या चरबीवर जळत होता. ती काडीने वात सारखी करत होती, चूल लहान करावी तशी. आणि गाडीशी काहीतरी बोलत होती. काय ते काचेतून ऐकू आलं नाही.

टाकी बघून जाइपिती ओरडणारच होता. पण ती इतकी निवांत बसली होती की ओरडावंसं वाटेना. खांदा दुखायला लागला तो दोन हिवाळ्यांपूर्वी. त्याच्या आसपासच गाडी एका ओढीला चालू व्हायला लागली होती. त्याला वाटायचं, गाडी म्हातारपणी शहाणी झाली. वस्तीतल्या वस्तीत पेट्रोल आणायला, मासे आणायला तेवढं पुरत होतं. लांबची वाट या दोन वर्षांत त्याने धरलीच नव्हती.

तो परत अंथरुणावर जाऊन पडला. मालाया आत आली, चहा ठेवला, कढईत जाड भाकरी टाकली, तेव्हा उठला. सालुमी अजून झोपली होती. चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, “नाकीला तुझ्या आईचा दिवा बघायला आवडेल.”

मालायाचा हात थांबला.

“किती वर्षांत बघितला नसेल तिने,” तो पुढे म्हणाला. “स्लेजवर नीट बांधून नेऊ.”

 तिने भाकरी उलटली. “म्हणजे माझ्यामुळे बंद पडत होती.”

“दिव्यात काही वाईट नाही. जागा चुकली.”

“तुझा खांदा...” ती म्हणाली. “सकाळी गारठलेली गाडी ओढताना तुझं तोंड कसं होतं, तुला दिसत नाही. मला दिसतं. म्हटलं, जरा ऊब दिली तर...”

“दिलीस ना. एका ओढीला चालू व्हायची.”

“आणि पाणी सुटायचं.”

“पाणी सुटायचं. खाली साठायचं. चाक फिरत राहिलं की तेच वर उडून पॉइंटवर बसायचं.”

ती एकदम हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. “बंदुकीवरून सगळ्या जगाला ओरडते मी. काल आयपिलिकला घोडा म्हटलं!”

“त्याला सांगू नकोस. आयुष्यभर पुरवेल तो.”

“आणि टाकी? पेटली असती तर?”

“तर आपण आत्ता चहा प्यायलो नसतो,” जाइपिती म्हणाला. “आणखी घाल.”

त्या दिवशी त्याने झाकण, इंजिनावरचं हूड, सगळं काढून गाडी वाऱ्याला उघडी ठेवली. तिथली थंडी कोरडी असते, ओला कपडा बाहेर टांगला तर आधी फळकुटासारखा होतो आणि मग हळूहळू नुसता वाळून जातो. गाडीही तशीच वाळली. पॉलिश पेपरच्या तुकड्याने त्याने पॉइंट घासले, चहाच्या पुड्याचा पुठ्ठा मध्ये घालून त्यांच्यातली फट जुळवली. कोटाचा तंबू करून बघितलं. ठिणगी निळी होती आणि कानाला चटका लागावा तशी टिचत होती.

मग प्रश्न उरला तो खांद्याचा. सकाळी गाडी दगडासारखी थंड. जाइपितीने दोरी ओढली, तोंड वाकडं झालं. मालाया स्लेजवरून उतरली, त्याच्या डाव्या बाजूला आली आणि तिने त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

“सांग.”

“आता!”

दोघांनी मिळून ओढली. इंजिन नुसतं उसासलं. सालुमी दारात उभी होती, तिच्या पाठीवरच्या टोपीतून छोटी आतुआत बघत होती.

“आई, जोर दे!” जाइपिती ओरडला.

“आई म्हणतेय, दोघांचं मिळून एक माणूस झालं बघा,” सालुमी म्हणाली.

आयपिलिकही आला. तो मदतीला पुढे होणार, तेवढ्यात मालायाने त्याला नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. किती वेळा ओढली कोण जाणे. मध्ये मालाया स्लेजवरच्या पेटीवर टेकली, छातीवर हात ठेवून धाप टाकू लागली.

“राहू दे,” जाइपिती म्हणाला.

“गप. सांग पुढचं.”

आणि पुढच्या ओढीला गाडी धूर सोडत जागी झाली. आयपिलिकने डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली आणि ओरडला, “कार्बोरेटर साफ झाला!”

सुळका दिसू लागला तेव्हा जाइपितीने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. तो फक्त ऐकत होता. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, कुठे गाठ नाही. सुळका डाव्या हाताला आला, बाजूने सरकला, मागे पडला. जाइपितीने वळून बघितलं. मालायाने एक हात दिव्याच्या गाठोड्यावर ठेवला होता आणि दुसरा, केसाळ हातमोज्यातला, वर केला होता. खिंडीत दगड उघडे पडायला लागले होते. दोन ठिकाणी स्लेज घासली, एकदा दोघांना उतरून ढकलावी लागली. पण बर्फ होतं.

नाकी तंबूत पडून होती. बहिणीचा आवाज ऐकला आणि हाताचा टेकू देऊन उठून बसली.

“कशावर आलीस?”

“पिवळीवर.”

“खोटं बोलतेस.”

“अक्का, बाहेर धूर बघ.”

नाकीने धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाक तिच्या गालाला लावून दीर्घ श्वास घेतला. “बारीक झालीस तू, धाकटे.”

“तू आजारी, अन् बारीक मी?”

मालायाने गाठोडं सोडलं. नाकीने बोटाने दिव्याची कड चाचपली, लहानपणी तिच्याच हातून पडून जिथे कपचा उडाला होता ती जागा सापडली, तेव्हा हसली. तातिगातने गोठलेला मासा कापून ठेवला. नाकीने पहिला तुकडा उचलला, मग दुसरा. तातिगात बघतच राहिला. दोघी बहिणी दिवा लावून, आपल्या आईची नक्कल करत, दिवसभर खिदळत बसल्या. जाइपिती तंबूबाहेर गाडीजवळ बसला. हूड उघडं ठेवलं होतं, वारा लागावा म्हणून.

चार दिवस राहून ते निघाले, खिंड आणखी उघडी पडायच्या आत. दिवा मालायाने नाकीकडेच ठेवला. निघताना गाडी पुन्हा दोघांनी मिळून ओढली. नाकी तातिगातच्या आधाराने तंबूच्या दारात उभी राहून बघत होती. “अरे, दोघं मिळून सुद्धा एक गाडी चालू होत नाही!” असं ती म्हणाली आणि त्याच वेळी गाडी चालू झाली.

त्या उन्हाळ्यात नाकी उठून हिंडूफिरू लागली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, एका कडाक्याच्या हिवाळ्यात झोपेत गेली. मालाया मात्र त्या उन्हाळ्यानंतर खाडी पुन्हा गोठली त्याच आठवड्यात, छातीत कळ येऊन वारली.